पायाखालचा इतिहास : आपल्या ड्रेनेज लाइनची कहाणी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. पहिला गणेशोत्सव, पहिली सर्वसाधारण सभा, कंपाउंडची भिंत असे विषयही सुचवले. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितो आहे ती गोष्ट आपल्या कोणत्याही अल्बममध्ये सापडणार नाही. ती म्हणजे जमिनीखालची ड्रेनेज लाइन. विषय वाचून काहींनी नाक मुरडले असेल. पण सभासद बंधू-भगिनींनो, गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीवर जो सर्वांत मोठा धोका आला, तो चोराचा नव्हता, आगीचा नव्हता. तो एका फुटलेल्या पाइपचा होता. तेव्हाच्या कमिटीत मी खजिनदार होतो, म्हणून ही हकीगत माझ्याकडून नोंदली गेलेली बरी.

आधी जमिनीबद्दल. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. ओवे त्यांतलेच. या पट्ट्यात एका अंगाला खारघरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये भातखाचरे. आज जिथे आपण गाड्या लावतो तिथे कोणाचे तरी पीक डोलत होते, हे विसरू नये. भाताची जमीन म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन. तिच्यावर भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या. इमारत खोल पायावर उभी असते, ती सहसा हलत नाही. पण अंगणातली पाइपलाइन नुसत्या भरावावर टेकलेली असते. भराव पावसाळ्यागणिक बसत जातो, आणि पाइपचे सांधे उघडतात. आपल्या गोष्टीचे मूळ इथे आहे.

सांडपाणी झाकलेल्या वाटेने घरापासून दूर न्यावे, ही अक्कल माणसाला फार जुनी. साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोत घराघरातून निघालेली विटांची गटारे रस्त्यातल्या झाकलेल्या गटारांना मिळत होती, आणि ती उघडून साफ करण्याची सोयही होती. आपण ज्याला चेंबर म्हणतो, त्याचे हे पणजोबा!

मुंबईत मात्र क्रम उलटा झाला. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, पण वापरलेले पाणी बाहेर कसे जाणार याची धड व्यवस्था नव्हती. भूमिगत गटारे नंतर टप्प्याटप्प्याने झाली. तोवर, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मैला माणसांनीच वाहिला. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात या कामासाठी चक्क ‘हलालखोर कर’ नावाची बाब होती. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता लंडनची एक हकीगत सांगतो, कारण ती थेट आपल्या अंगणाशी येऊन भिडते. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि बोट एका सार्वजनिक पंपाकडे दाखवले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. एवढे बऱ्याच जणांनी वाचलेले असते. पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. पंपाखालची विहीर उघडून पाहिली तेव्हा आत काहीही दोष दिसला नाही. मग हेन्री व्हाइटहेड नावाच्या त्या भागातल्या पाद्रीने घरोघर विचारपूस केली. त्यांना कळले की विहिरीला लागूनच असलेल्या ४० नंबरच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या तोंडावरच आजारी पडले होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी आई घरच्या शोषखड्ड्यात ओतत होती. १८५५ मध्ये तो खड्डा आणि त्याची मोरी खणून पाहिली. विटा कुजून सुट्या झालेल्या, आणि विहिरीपासूनचे अंतर तीन फुटांहून कमी! विहिरीत उतरून जे दिसले नाही, ते शेजारच्या घराची मोरी खणल्यावर दिसले.

आपल्याकडे हेच घडले. राहायला आल्यानंतर सहाव्या-सातव्या वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, तळमजल्यावरून तक्रारी येऊ लागल्या. मोरीतले पाणी हळू उतरते, वर कोणी फ्लश केला की खाली कमोडमध्ये बुडबुडे येतात, झुरळे फार झाली. वरच्या मजल्यांवर काहीच त्रास नव्हता, त्यामुळे सभेत "तळमजलेवाल्यांनी आपापले प्लंबर बोलवावेत" असा सूर निघाला. मीही त्यात होतो. प्लंबरने सळ्या घालून लाइन मोकळी केली की आठ दिवस बरे चालायचे, पुन्हा तेच. त्याच सुमारास जिन्याजवळचे फरशीचे दोन ब्लॉक खचले. कंपाउंडच्या कडेचे बदामाचे झाड मात्र असे तरारले की आम्ही त्याचे कौतुक करत होतो!

मग एका विंगमध्ये कावीळ निघाली. आधी एक मुलगा, नंतर एक गृहस्थ, मग एक सून. ती सात महिन्यांची गरोदर. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा ‘ई’ हा प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेततो. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली होती, तेव्हाही हाच अनुभव आला. पाणी पोटात जाण्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून कोणाला पाण्याचा संशय येत नाही. "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल," असेच सगळे म्हणाले. त्या सुनेच्या सासूबाई ऑफिसात येऊन एवढेच बोलल्या, "भाऊ, आमची सून बाहेरचं खात नाही हो. पाणी तेवढं आपल्याच टाकीचं पिते."

आम्ही खालची टाकी रिकामी केली. भिंतीच्या एका कोपऱ्यातून काळसर पाणी झिरपत होते. टाकी भरलेली असते तेव्हा आतले पाणी फटीतून बाहेर जाते. पातळी उतरली आणि बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असली की बाहेरचे आत येते. पावसाळ्यात हे रोज घडत असणार. पण हे पाणी कुठून येत होते? ड्रेनेज लाइनचा नकाशा शोधला. तो बिल्डरकडून आपण घेतलाच नव्हता. फाइलमध्ये इमारतीचे मंजूर नकाशे होते, जमिनीखालच्या लाइनचा एक कागद नव्हता. बँकेत मी आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासली, तारण तपासल्याशिवाय कर्ज दिले नाही. आणि स्वतःच्या घराखाली काय आहे हे कधी विचारले नाही.

एका जुन्या प्लंबरने उपाय सांगितला. एकेका विंगच्या संडासात रंगाचे पाणी ओतायचे आणि चेंबरची झाकणे उघडून ते कुठे निघते ते पाहायचे. त्या विंगचे रंगीत पाणी पुढच्या चेंबरला फिकट होऊन आणि अगदी थोडे पोहोचले. दुसऱ्या दिवशी टाकीच्या त्याच कोपऱ्यात रंग उतरला. खणले, तर टाकीच्या भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर लाइन! पाइप चिनी मातीचे. भराव बसल्याने एक सांधा उघडलेला, आणि बदामाची मुळे दाढीसारखी आत पसरलेली. फट आणि ओलावा मिळाला की मूळ आत शिरते, मुळात कागद-चिंध्या अडकतात, पाणी तुंबते आणि फटीतून जमिनीत जाते. सळ्या घालून आम्ही फक्त मुळांचे टोक खुडत होतो.

त्यानंतर दुरुस्ती रीतसर झाली. तो तुकडा काढून लाइन टाकीपासून लांब वळवली. खाली काँक्रीटचे बेड घातले, वळणावर नवीन चेंबर बांधले. उतार जुन्या ठोकताळ्याने धरला : चार इंची पाइपला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. माती लोटण्याआधी खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरून ठेवली आणि पातळी उतरत नाही ना ते पाहिले. टाकी घासून, क्लोरीन घालून, भिंतीची दुरुस्ती करून मगच चालू केली. तोवर टँकर. बदामाचे झाड काढावे लागले. सून सुखरूप बाळंत झाली. तो मुलगा आता इंजिनिअर आहे.

पण इतिहास लिहायचा तर जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही लिहावी लागते.

खणण्याच्या आदल्या दिवशी शेवटचे चेंबर तुंबून घाण पाणी अंगणात आले होते. एका ठेकेदाराने एक पोरगा आणला, असेल वीस-बावीसचा. कमरेला दोरी बांधून तो आठ फूट खोल चेंबरमध्ये उतरला. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून उभे. त्याने आतून एक गोणपाट ओढून काढले, पाणी धाडकन उतरले आणि कोणीतरी टाळीही वाजवली. वर आल्यावर तो भिंतीला टेकून बसला, डोळे लाल, ओकारी थांबेना. त्याला पाणी आम्ही लांबूनच दिले. चेंबरमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. हे मला नंतर कळले. त्या दिवशी तो वर आला, ही आपली पुण्याई नव्हे, निव्वळ नशीब.

त्या कामाच्या व्हाउचरवर माझी सही आहे. ‘किरकोळ सफाई खर्च’ असे मीच लिहिले. त्याचे नाव मी विचारले नाही. इंग्रजांच्या काळातल्या हिशेबात निदान त्या माणसांच्या नावाची एक बाब तरी होती. माझ्या हिशेबात तो पोरगा ‘किरकोळ’ झाला. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो व्हाउचर पास केली. लक्षात राहिले ते हे एक.

माणसाकडून हाताने मैला साफ करून घेण्यावर आपल्या देशात १९९३ मध्ये बंदी आली. २०१३ च्या नव्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला, आणि ठेकेदाराच्या आड काम करून घेणाऱ्यालाही मोकळे सोडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते समजा. आपल्या सोसायटीने मात्र त्या वर्षानंतर चेंबरमध्ये एकही माणूस उतरवला नाही. जेटिंग मशीनची गाडी येते, लाइनमध्ये कॅमेरा सोडून पाहता येते. खर्च होतो, होऊ द्या.

नव्या कमिटीसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. एकाच घरात पाणी तुंबले तर दोष त्या घराचा असू शकतो. तळमजल्याच्या दोन-तीन घरांत एकदम तुंबले तर दोष सामाईक लाइनचा. ब्लॉक खचणे, एकाच पट्ट्यात गवत हिरवेगार राहणे, कोरड्या दिवसांत ओल दिसणे, उंदीर-घुशी वाढणे, या सगळ्या पूर्वसूचना. त्यात टाकीच्या पाण्याला वास आला किंवा एकाच विंगमध्ये काविळीचे, जुलाबाचे दोन रुग्ण निघाले, तर सभेची वाट पाहू नका, आधी टाकी बंद करा. आणि खर्च कोणाचा यावर भांडू नका; आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक ड्रेनेज लाइन सोसायटीची, म्हणजे सातव्या मजल्याचीही. वरून खाली येणारे पाणी कोणाचे असते हो?

रंगाच्या पाण्याने शोधलेल्या त्या लाइनचा नकाशा आम्ही तेव्हा हाताने काढला. प्रत्येक चेंबर, प्रत्येक वळण, टाकीपासूनचे अंतर. तो ऑफिसात घड्याळाखाली फ्रेम करून लावला आहे. पाहुण्यांना वाटते, जुना किल्ल्याचा नकाशा आहे. पुढे कधी पुनर्विकास होईल, पाइप बदलतील, तेव्हा नवा नकाशा काढून घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका, ही या माजी खजिनदाराची विनंती.

सोसायटीला पुढील पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा. आणि त्या मुलाला, तो जिथे असेल तिथे, उशिरा का होईना, नमस्कार.