मॉर्डेकाय ब्राउनचा उजवा हात

क्रिकेटच्या गोलंदाजास चेंडूचा टप्पा पाडून तो वळविण्याची सोय असते. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये पिचरने फेकलेला चेंडू जमिनीस न लागता थेट फलंदाजाकडे जावयाचा असतो. सबब त्यास वळण द्यावयाचे ते हवेतच, आणि बोटांच्या जोरावर. मॉर्डेकाय ब्राउन (१८७६–१९४८) याची कारकीर्द म्हणूनच नवलाची वाटते.

इंडियाना राज्यात शेतावर वाढत असता लहानपणी त्याचा उजवा हात कडबा कापण्याच्या यंत्रात सापडला व तर्जनी बहुतेक तुटून गेली. जखम पुरती भरली नाही तोच तो पडला. उरलेली बोटे मोडली आणि वेडीवाकडी जुळली. हाच हात घेऊन तो पुढे कोळशाच्या खाणीत राबला व खाणकामगारांच्या संघातून खेळू लागला. वृत्तपत्रांनी त्यास ‘थ्री फिंगर’ हे नाव दिले. (अंगठा धरून चार बोटे होती, पण वृत्तपत्रांस हिशेबापेक्षा नावाचा नाद अधिक प्रिय!)

थोट्या तर्जनीवरून सुटलेला त्याचा चेंडू स्वतःभोवती गरगर फिरे आणि फलंदाजापाशी येताच एकाएकी खाली उतरे. १९०६ साली शिकागो कब्सकडून त्याने २६ सामने जिंकले, अवघे ६ गमावले; दर नऊ डावांमागे त्याच्या माथी सरासरी १.०४ धावा पडल्या. १९०७ व १९०८ साली कब्सने वर्ल्ड सीरीज जिंकली. त्यानंतरचे अजिंक्यपद त्यांस लाभावयास २०१६ साल उजाडावे लागले.

अपघाताने त्याचे भाग्य उघडले, असे म्हणण्याची चाल आहे. मला ती रुचत नाही. यंत्राने हाताचा आकार बदलला. चेंडू नेमका कोठे टाकावा हे काही यंत्राने शिकविले नाही. त्या काळी शेतांत व खाणींत बोटे गमावलेले मजूर थोडे नव्हते, त्यांपैकी कितीजण पिचर झाले?

त्याचा खरा प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सचा ख्रिस्टी मॅथ्यूसन. कॉलेजात शिकलेला, देखणा, शहराचा लाडका. ८ ऑक्टोबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर लीगचे अजिंक्यपद ठरविणारा सामना झाला. पहिल्याच डावात कब्सचा पिचर डळमळला, तेव्हा ब्राउनला बोलाविण्यात आले. मैदान विरोधी प्रेक्षकांनी खच्चून भरलेले होते. सामना कब्सने ४–२ असा जिंकला.

४ सप्टेंबर १९१६ रोजी दोघे पुन्हा समोरासमोर आले. मॅथ्यूसन आता सिनसिनाटीचा व्यवस्थापक होता. दोघांचेही उमेदीचे दिवस सरले होते; दोघांनीही मार खाल्ला, पण शेवटपर्यंत चेंडू टाकले. सिनसिनाटीने १०–८ अशी बाजी मारली. प्रमुख लीगमधील दोघांचाही तो अखेरचा सामना.

हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच मानकऱ्यांत १९३६ साली मॅथ्यूसनची निवड झाली. ब्राउनची निवड १९४९ साली झाली. फेब्रुवारी १९४८ मध्येच तो निवर्तला होता.