गोणपाटाचा प्रश्न कोण विचारणार?

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब गोणपाटावर वेगळे बसत. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या याच मुलाला व त्याच्या भावाला-भाच्यांना दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी स्वतःच हाकावी लागली, रात्रभर पाणी मिळाले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे सारे आहे. अस्पृश्य बालमनाची ही नोंद त्या मुलानेच मोठेपणी केली, कुणा डॉक्टराने नव्हे.

शास्त्र काही दूर नव्हते. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली मुंबईत देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले.

तिकडे अमेरिकेत मेमी आणि केनेथ क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, असे विचारल्यावर बहुतेकांनी गोरीकडे बोट दाखवले. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवताना या संशोधनाचा आधार घेतला. गोऱ्या पंडितांना बाहुल्या मिळत नव्हत्या असे थोडेच आहे! पण मेमी स्वतः काळ्यांच्या वेगळ्या शाळेत शिकलेली होती. पुढे जीन स्पर्लॉक या काळ्या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंच्या नावाने तिथल्या बालमनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने अल्पसंख्य वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी संशोधन-पाठ्यवृत्ती सुरू केली.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, २० तारखेला लोक रुळांवर उतरले. फाशीच्या घोषणा झाल्या. त्या पोरींच्या मनाचे पुढे काय, हे मला कुणी विचारताना ऐकू आले नाही. ऑक्टोबरात शेजारच्या अंबरनाथला शंभर जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आपली मुले तिथे शिरतील. पण शिरल्यावरही वाट सरळ नसते. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव सुखदेव थोरात समितीने २००७ साली मांडलाच आहे.

मी उल्हासनगरात शिकवतो. एका विद्यार्थिनीला एमबीबीएसला जागा मिळाली, वस्तीत पेढे वाटले. पुढे लहान मुलांच्या मनोविकारावर संशोधन कर, असे मी सुचवले. वडील म्हणाले, “सर, वेड्यांची डॉक्टरीण करायला शिकवली का तिला? आणि तेवढी वर्षं घर कोण चालवणार?”

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर दिले. दुसऱ्याला देता आले नाही. त्याच प्रश्नापायी मी स्वतः पीएच.डी. अर्धवट टाकून नोकरी धरली होती. कल्याण ते बदलापूर जयंती मंडळे कितीतरी आहेत. त्यांनी एका वर्षाच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढावा, एवढेच तूर्त सुचते.