ऑर्नमेंट आणि डेकोरेशन : दोन शब्दांवर चाललेल्या एका खटल्याची हकीकत

मंदिराचे काम निघाले की दोन इंग्रजी शब्द हटकून कानावर पडतात. सोनाराच्या पाटीवर ‘ऑर्नमेंट्स’ लिहिलेले असते आणि मांडव घालणारा स्वतःस ‘डेकोरेटर’ म्हणवून घेतो. त्यामुळे ऑर्नमेंट म्हणजे दागिना व डेकोरेशन म्हणजे आरास, असा सरळ हिशेब आपल्याकडे होऊन बसला आहे. खुद्द इंग्रज माणूसही रोजच्या बोलण्यात या दोन शब्दांत फारसा भेद करीत नाही. परंतु इ. स. १८५५ ते १८५७ या काळात याच दोन शब्दांतील फरकावर लंडनच्या दोन प्रार्थनामंदिरांचे भांडण अडून बसले होते. भक्तांनी अर्पण केलेली कोणती वस्तू आत राहावी व कोणती बाहेर काढावी, हे ठरविण्यास एकामागून एक तीन न्यायासने लागली. मंदिराच्या कामास हातभार लावणाऱ्या मंडळींना ही हकीकत मनोरंजक वाटेल.

प्रथम शब्दांचे कूळ पाहणे इष्ट. दोन्ही शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आले. ‘ऑर्नारे’ या लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ नटविणे असा नसून सज्ज करणे, लागणारे सर्व साहित्य पुरविणे असा आहे. ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ५६ मध्ये गॉल देशाच्या किनाऱ्यावर व्हेनेटी लोकांशी आरमारी लढाई केली. शत्रूच्या सुमारे २२० जहाजांचे वर्णन करताना तो त्यांना सर्व शस्त्रांनी ‘ऑर्नातिसिमे’ म्हणतो. त्या जहाजांवर तोरणे लावलेली नव्हती, तर ती युद्धास पूर्ण सिद्ध होती, एवढाच त्याचा भावार्थ. ‘ऑर्नामेंतुम’ म्हणजे असे साहित्य, असे उपकरण.

मराठी माणसास हे समजण्यास अडचण पडू नये. आपला ‘साज’ हा शब्द तसाच आहे. घोड्याचे खोगीर, लगाम, रिकीब हा घोड्याचा साज, आणि सुवासिनीच्या गळ्यातील अलंकार तो कोल्हापुरी साज. गाणाऱ्यास वाद्यांची साथ करणारे ते साजिंदे. ‘दागिना’ या शब्दाचेही तेच. जुन्या मराठीत सामानाच्या नगालाही दागिना म्हणत, आणि गाडीत चढविलेले दागिने मोजून घेत. संस्कृत ‘अलंकार’ शब्दातील ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ. तेव्हा अलंकृत करणे म्हणजे जे उणे असेल ते पुरे करणे. कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली ‘ऑर्नमेंट’ याच नावाचा एक निबंध लिहून लॅटिन व संस्कृत शब्दांचा हा सारखेपणा दाखवून दिला. वस्तूला कामास योग्य करणारे ते भूषण होय, नुसती वरची नटवानटव हा अर्थ मागाहून चिकटला, असे त्यांचे प्रतिपादन होते.

‘डेकोरेशन’चे कूळ निराळे. त्याच्या मुळाशी ‘शोभणे, उचित असणे’ हा भाव आहे; सभ्य या अर्थाचा ‘डीसेंट’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने ‘डेकोर’ हे वास्तूचे एक तत्त्वच मानले. मिनर्व्हा, मार्स व हर्क्युलिस या शूर दैवतांच्या देवळांना साधे व भक्कम डोरिक खांब असावेत, व्हीनस व फ्लोरा यांच्या देवळांना नाजूक पानाफुलांचे कोरिंथियन खांब असावेत, असे तो सांगतो. ज्याचे त्याला शोभले पाहिजे, हा त्यामागील विचार. तेव्हा ऑर्नमेंट हे मुळात वापराचे साहित्य, तर डेकोरेशन ही वास्तूला शोभणारी रचना. पुढे दोन्ही शब्द घासून घासून एकसारखे झाले.

आता खटल्याकडे वळू. सोळाव्या शतकात इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले. जुन्या पूजाविधीतील काय ठेवावे व काय टाकावे यावर तेथे पिढ्यान् पिढ्या वाद झाले. १५५९ साली प्रार्थनाविधीच्या अधिकृत पुस्तकात एक सूचना घालण्यात आली आणि १६६२ च्या आवृत्तीत ती थोड्या बदलाने कायम राहिली. राजा सहावा एडवर्ड याच्या कारकीर्दीच्या दुसऱ्या वर्षी चर्चची व धर्मगुरूंची जी ‘ऑर्नमेंट्स’ कायद्याने चालू होती तीच चालू राहावीत, असा तिचा आशय होता. ‘ऑर्नमेंट’ म्हणजे नेमके काय, याचा खुलासा मात्र कोणी केला नाही. कायदा लिहिणारे अशी एखादी जागा मोकळी सोडतात आणि तीनशे वर्षांनी वकिलांची सोय होते!

लंडनच्या नाइट्सब्रिज भागात १८४३ साली सेंट पॉल चर्च उभे राहिले. तेथील सधन भक्तांच्या देणग्यांतून जवळच्या पिम्लिको वस्तीतील गरिबांसाठी सेंट बार्नबस हे दुसरे चर्च १८५० साली झाले. तेथे दगडी वेदी, क्रूस, मेणबत्त्या, रंगीत वस्त्रे असा थाट होता. हा तर रोमन कॅथलिक थाट, अशी हाकाटी झाली. त्याच वर्षी चर्चपुढे जमावाने दंगा केला आणि धर्मगुरू बेनेट यांना अखेर जागा सोडावी लागली. त्यांच्या मागून आलेले रेव्हरंड रॉबर्ट लिडेल यांनीही तीच पद्धत चालू ठेवली. तेव्हा सेंट पॉलचे चर्चवॉर्डन चार्ल्स वेस्टर्टन यांनी त्यांच्यावर फिर्याद गुदरली. चर्चवॉर्डन म्हणजे चर्चच्या चीजवस्तूंवर देखरेख ठेवणारा पंच. पंचाने पुजाऱ्यास कोर्टात खेचले, असाच हा प्रकार. सेंट बार्नबसबाबत बील नावाच्या रहिवाशाने वेगळी तक्रार केली.

खालच्या धर्मन्यायालयात डॉ. स्टीफन लशिंग्टन यांनी डिसेंबर १८५५ मध्ये निकाल दिला. वेदी, क्रूस व बहुतेक वस्तू काढाव्यात असे त्यांनी फर्माविले. मेणबत्त्यांची घरे मात्र राहू दिली. परंतु उजेडाची गरज असेल तेव्हाच मेणबत्त्या लावाव्यात, अशी अट घातली. पहिले अपील फेटाळले गेले. दुसरे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. हे न्यायासन आपल्या लोकांस अपरिचित नाही. मुंबई हायकोर्टाच्या निकालावरील अपिले १९४९ पर्यंत तेथेच जात असत.

२१ मार्च १८५७ रोजी प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. न्यायाधीशांनी लॅटिनचा कोश उघडून पाहिला आणि ठरविले की, पुस्तकातील ‘ऑर्नमेंट’ हा शब्द जुन्या, व्यापक अर्थाने घ्यावयाचा. उपासनेच्या विधीत जे प्रत्यक्ष वापरले जाते ते ऑर्नमेंट. धर्मगुरूची वस्त्रे, ग्रंथ, कापडे, प्याले व ताटल्या हे सर्व त्यात आले. अलीकडच्या काळात ऑर्गन व घंटाही त्यातच मोडतात, असे त्यांनी म्हटले. साधा व्यवहारी माणूस घंटेला दागिना म्हणणार नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ती ऑर्नमेंट ठरली. भिंतीवर, आडपडद्यावर जे केवळ वास्तूची शोभा म्हणून असते त्यास ही सूचना लागूच होत नाही. ते डेकोरेशन होय, आणि त्याचा विचार वेगळा करावयाचा.

या भेदाचा परिणाम मोठा विलक्षण झाला. वेदीचा भाग व लोकांची बसण्याची जागा यांच्यामध्ये लाकडी आडपडदा होता, त्यावरील क्रूस राहिला. श्रद्धेची खूण म्हणून वास्तूवर असलेला क्रूस ही शोभा आहे, त्याची कोणी पूजा करीत नाही, असे न्यायाधीशांचे मत पडले. मात्र प्रसादविधीच्या टेबलास जोडलेला क्रूस काढावा लागला. वस्तू तीच, पण जागा बदलली आणि कायदा बदलला. दगडी वेदीही गेली, कारण पुस्तकास हलविता येणारे लाकडी टेबल अभिप्रेत होते. वेदी म्हणजे बळी देण्याचे स्थान, टेबल म्हणजे एकत्र जेवणाचे. टेबलावरील रंगीत झालरी राहिल्या. विधीच्या वेळी अंथरावयाच्या पांढऱ्या कापडास लावलेले भरतकाम व लेस मात्र नामंजूर झाली, कारण पुस्तकात साधे स्वच्छ पांढरे कापड सांगितले होते. ते भरतकाम किती हौसेने केले असेल, हे सांगावयास नकोच. रोटी व द्राक्षरस विधीपूर्वी ठेवण्याचे बाजूचे लहान मेज राहिले. ते सोयीचे होते.

दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला आणि तंटा मिटला नाही. १८७४ साली उपासनेच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा झाला. वस्त्रे, दिवे, धूप यांचा हट्ट न सोडल्याने व कोर्टाचे हुकूम न मानल्याने पाच धर्मगुरू तुरुंगात गेले. त्यांतील आर्थर टूथ यांना जानेवारी १८७७ मध्ये कैद झाली. धर्मगुरू कोठडीत गेल्यावर लोकमत उलटू लागले. पुढे अशा खटल्यांचा जोर ओसरला, आणि तो कायदाही १९६५ साली रद्द झाला.

शोभेच्या बाजूने मात्र निकाल सौम्य लागत गेला. एक्सिटर येथील कॅथीड्रलमध्ये वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी वेदीमागे एक कोरीव भिंत उभारली होती. तीवर येशूच्या स्वर्गारोहणाचे उठावाचे शिल्प होते. मूर्ती आहेत म्हणून ती पाडावी, अशी तक्रार झाली आणि तेथील बिशपने तसा हुकूमही दिला. १८७५ साली प्रिव्ही कौन्सिलने ती भिंत वास्तूची शोभा ठरवून राखली. कायद्याने वाचविलेली ती भिंत पुढे त्या चर्चच्या माणसांनीच हलविली. सांप्रत ती एक्सिटरच्याच हेविट्री भागातील सेंट मायकेल चर्चमध्ये आहे.