श्येनविनोद आणि वाळवंटातला ससाणा

बडोद्याच्या मराठी माणसाला 'अरब' म्हटले की प्रथम आठवते ती शिबंदी. गायकवाडांच्या थकलेल्या पगारासाठी शहर अडवून बसलेले अरब, त्यांची बहांदरी, आणि डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रजी पलटणींनी वेढा घालून त्यांना बाहेर काढले तो प्रसंग, हे सारे आपल्या घराघरांतून ऐकलेले असते. या चित्रातल्या अरबाच्या कमरेला जंबिया आहे, खांद्याला तोड्याची बंदूक आहे. त्याच्या देशाची सर्वांत जुनी खूण, मनगटावर बसलेला ससाणा, या चित्रात नाही. त्या ससाण्याविषयी आम्ही लिहितो आहोत. त्याचे एक सूत बडोद्याच्या छापखान्यापर्यंत येऊन पोहोचते, हे त्याचे निमित्त.

आखाती किनाऱ्यावरच्या बदूंसाठी ससाणा हा शौक नव्हता. खजूर आणि सांडणीचे दूध यांवर दिवस काढणाऱ्याला हिवाळ्यात मांस मिळायचे ते मुख्यतः हुबारा या पक्ष्याचे आणि सशाचे. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा लहान भाऊबंद. कच्छ-राजस्थानात त्याला तिलोर म्हणतात. मध्य आशियातून ससाणे दक्षिणेकडे उतरू लागले की शरद ऋतूत कबुतराचे आमिष आणि जाळे लावून ते धरायचे, हिवाळाभर त्यांच्याकडून शिकार करवायची आणि उन्हाळा लागण्यापूर्वी पुष्कळदा सोडून द्यायचे, असा क्रम होता. उन्हाळ्याच्या काहिलीत पक्षी सांभाळणे कठीण, आणि पुढच्या शरदात नवे येणारच. पाळलेले जनावर आणि पाहुणा यांच्या मधले हे नाते आम्हांस विलक्षण वाटते.

धरलेला रानटी पक्षी दोन-तीन आठवड्यांत तयार होई. त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी, म्हणजे 'बुर्का', चढवायची. ती काढायची ती माणसांच्या घोळक्यात, शेकोटीजवळ, कॉफीच्या बैठकीत. रात्रंदिवस तो कुणाच्या तरी हातावर असे. कुत्री, उंट, पोरांचा आरडाओरडा, सगळ्याची त्याला सवय व्हावी म्हणून. मग हुबाऱ्याच्या पिसांची जुडी दोरीला बांधून फिरवायची आणि तिच्यावर झेपावायला त्याला शिकवायचे. सारी मेख भुकेत असे. पोट भरलेला ससाणा उडून जातो, उपाशी ससाणा झडप घालू शकत नाही. म्हणून बाजदार बोटाने त्याच्या छातीचे हाड चाचपून पाही आणि आज किती मांस द्यायचे ते ठरवी. मारहाणीला येथे जागाच नाही. एकदा दुखावलेला ससाणा पुन्हा हातावर येत नाही. मोडलेल्या पिसाच्या जागी गळालेले जुने पीस सांधण्याची युक्तीही या लोकांना ठाऊक होती. हुबाराही गरीब नव्हे. तो आपली चिकट विष्ठा ससाण्यावर उडवतो, आणि पिसे चिकटलेला ससाणा त्या दिवसापुरता निकामी होतो. शिकवलेल्या प्राण्याने पकडलेले सावज खाण्यास कुराणाच्या पाचव्या सूरेत अनुमती आहे. त्यामुळे ही विद्या धर्माच्या चौकटीत निर्वेध बसली.

येथे शब्दांविषयी थोडेसे. आपण 'बहिरी ससाणा' म्हणतो आणि अनेकांस वाटते की हा पक्षी कानांनी अधू असावा. तसे काही नाही. अरबी 'बहर' म्हणजे समुद्र. 'बहरी' म्हणजे समुद्रावरून येणारा. दुसरे असे की शिकारीची मुख्य भिस्त मादीवर असते, कारण ती नरापेक्षा बरीच मोठी. म्हणूनच हिंदुस्थानच्या बाजदारांनी दोघांना वेगळी नावे दिली: मादी बाज तर नर जुर्रा, मादी शिक्रा तर नर चिपक, मादी लग्गड तर नर जग्गड. मराठीने मात्र सरसकट 'तो ससाणा' करून टाकला.

ही विद्या आपल्याकडे मुसलमानी अमलाबरोबर आली असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि तो खोडण्याचा पुरावा बडोद्यातच छापला गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. पाच विंशती, शंभर अध्याय. राज्य मिळवण्यापासून स्वयंपाकापर्यंत सारे त्यात आहे. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या मराठी गीतपंक्तींमुळे परिचित असतो. त्यातील चौथ्या विंशतीत राजाचे विनोद सांगताना कुत्र्यांचा विनोद झाल्यावर आणि मासेमारीच्या आधी 'श्येनविनोद' येतो. गजानन श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत निघाला. सयाजीराव महाराजांच्या काळी १९१६ मध्ये सुरू झालेल्या या मालेची पुस्तके आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांच्या कपाटात होती. श्येनविनोदाचे पान किती जणांनी उघडले असेल, कोण जाणे.

अरबी भाषेत या विषयावरचे लेखन आठव्या शतकापासून आढळते, तेव्हा सोमेश्वर पहिला असा दावा आम्ही करीत नाही. परंतु युरोपात ज्याचे नाव आदराने घेतात त्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा लॅटिन ग्रंथ त्यानंतर सुमारे शतकाने, तेराव्या शतकाच्या मध्याजवळ झाला. फ्रेडरिकने अरबी ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करवून घेतले आणि डोळ्यांवरच्या टोपीचे श्रेय अरबांना मोकळेपणी दिले. आपल्याकडे सोळाव्या शतकात कुमाऊँच्या रुद्रदेवाने 'श्यैनिकशास्त्र' लिहिले. काळ्या डोळ्यांचे आणि तांबूस डोळ्यांचे अशी पक्ष्यांची त्याची वर्गवारी आजही पटण्यासारखी आहे: पहिल्यात ससाणे, दुसऱ्यात शिक्रा-बाज. हरप्रसाद शास्त्रींनी १९१० मध्ये कलकत्त्यास ते प्रसिद्ध केले.

मात्र 'विनोद' या शब्दापाशी आम्ही थबकतो. बदूला ज्याच्यावर रात्रीचे जेवण अवलंबून, ते कल्याणीच्या राजाला करमणूक होते. मराठी राज्यातही अठरा कारखान्यांत शिकारखाना होता; पण बडोदे आणि कोल्हापूर यांचे नाव झाले ते चित्त्यांमुळे. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजास बडोद्याजवळ चित्त्याकडून काळविटाची शिकार दाखवली, तेव्हा सयाजीराव बारा वर्षांचे होते. ससाण्यांचा मान गुजरातेत राहिला तो भावनगरास. महाराज कृष्णकुमारसिंहजींच्या शिकारखान्यात ससाणे असत, आणि त्यांचे बंधू धर्मकुमारसिंहजी स्वतः हातावर पक्षी घेऊन हिंडत. त्याच नजरेतून त्यांचे १९५५ मधील 'बर्ड्‌स ऑफ सौराष्ट्र' उतरले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, शिकारखाने मोडले. राजांची नावे राहिली. छातीचे हाड चाचपून भूक ओळखणारे बाजदार कोणत्या कामाला लागले, याची वही कुणी ठेवली नाही. आम्हांस खरी हानी ती वाटते. ग्रंथ वाचता येतो, पण बोटांना कळणारे त्यात उतरत नाही.

अरब पुन्हा आमच्या मुलखात आले ते १९७८-७९ च्या हिवाळ्यात, जेसलमेरच्या वाळवंटात तिलोरासाठी. आता उंट नव्हते, मोटारी होत्या. त्यांच्या देशांत तिलोर जवळजवळ संपला होता, तोही मोटारी आणि बंदुकांनी. राजस्थानात लोक रस्त्यावर आले आणि ती शिकार थांबली. पुढे १९८१ मध्ये माळढोक राजस्थानचा राज्यपक्षी झाला. अरबांनीही नंतर शहाणपण दाखवले: तिलोरांची पैदास, पकडलेले ससाणे सोडण्याचा उपक्रम, अबू धाबीत १९९९ पासून ससाण्यांचे रुग्णालय. २०१० मध्ये युनेस्कोने ससाणेविद्येस मानवी वारसा मानले. २०२१ पर्यंत त्या नोंदीत चोवीस देश झाले. त्यांत पाकिस्तान आहे, भारत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे ससाणा पाळणे बंदच आहे, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. पण सोमेश्वर आणि रुद्रदेव यांची नावे त्या चर्चेत निदान निघायला हवी होती.

भावनगर संस्थानच्या ज्या वीडीत चित्ते काळविटांवर सोडीत, ते वेळावदर १९७६ पासून काळविटांचे राष्ट्रीय उद्यान आहे. हिवाळ्यात संध्याकाळी तेथे मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी शेकड्यांनी गवतात उतरतात.