अल्गोरिदम, मीरास आणि नोकरीची मुलाखत

गडचांदूरची ओळख सिमेंटची. मुलगा शिकला की आयटीआय करायचा आणि कारखान्यात अर्ज टाकायचा, हा इथला शिरस्ता. आता मात्र मोहल्ल्यातली दोन-चार मुलंमुली 'डीएसए'च्या मागे लागलेली दिसतात. डीएसए म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम. गूगल, अॅमेझॉनसारख्या कंपन्या मुलाखतीत याच विषयातलं एखादं कोडं घालतात. साधारण पाऊण तासात ते सोडवून कोड लिहायचा आणि लिहिताना आपण काय विचार करतोय ते मोठ्याने सांगायचं. यातली एक मुलगी मला म्हणाली, "हे आपल्यासारख्यांचं काम नाही." तिच्यासाठी हे लिहितो आहे.

'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे आपल्या जलशांत नेहमी सांगितलं जातं, टाळ्याही पडतात. मुलाखतीत त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो त्यांनी काय केलं ते पाहण्यात. खलिफा मामूनच्या काळात (813 ते 833) बगदादमध्ये त्यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग वसीयत आणि मीरास, म्हणजे वारसाच्या वाटणीवर आहे. लोकांचे रोजचे तंटे सुटावेत म्हणून पायरीपायरीने जाणारी रीत त्यांना हवी होती.

मीरासीतलं एक उदाहरण घेऊ. ते या ग्रंथाच्याही आधीचं. एक बाई वारली. मागे फक्त नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नेमलेले हिस्से असे: नवऱ्याला निम्मा, दोन बहिणींना मिळून दोन तृतीयांश. मालमत्ता 4,20,000 रुपयांची धरा. नवऱ्याचे 2,10,000, बहिणींचे 2,80,000. बेरीज 4,90,000! नियम बरोबर, तरी पैसा पुरत नाही. मुलाखत घेणारे ज्याला 'एज केस' म्हणतात, ती हीच. हजरत उमर यांच्या काळात यावर तोड निघाली, तिला 'औल' म्हणतात. सहापैकी तीन आणि चार असे हिस्से होतात ना, मग मालमत्तेचे सहाऐवजी सातच भाग करायचे. नवऱ्याला 1,80,000, बहिणींना 2,40,000. तूट सगळ्यांनी आपापल्या प्रमाणात सोसली. इब्न अब्बास यांना हे मान्य नव्हतं, शिया फिक्हलाही नाही. म्हणजे उत्तराइतकीच त्यामागची कारणंही मांडावी लागत होती. (हिशेब कधीच सुटला, बहिणीचा हिस्सा मात्र आमच्या कित्येक घरांत अजून सुटत नाही. तो विषय वेगळा.)

ज्या घरात फरायजचं हे गणित आजोबा बोटांवर करून दाखवत, त्या घरातल्या मुलीला 'आधी नियम लिही, मग तो कुठे मोडतो ते शोध' हे परकं वाटायचं कारण नाही.

आणि हा वारसा एकट्या बगदादचाही नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) शेवटी अंकपाश येतो. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं किती प्रकारे बदलून धरता येतील? 36,28,800. मुलाखतीत हाच प्रश्न आयुधांऐवजी अक्षरं घेऊन येतो. सगळे क्रम छापणारा कोड दहा अक्षरांना चालतो. पंधरा झाली की क्रम एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातात आणि संगणक हात टेकतो. हे कोड लिहिण्याआधी बोलून दाखवायचं असतं. तयारीत आमची मुलं अडतात ती इथे. कोड येतो, तोंड उघडत नाही, त्यात इंग्रजी. माझं मत असं, की आधी घरातल्या दखनीत किंवा मराठीत समजावून सांगा, इंग्रजी नंतर.

'लीलावती' फैजीने 1587 मध्ये फारसीत नेली. भास्कराचार्यांचं 'बीजगणित' शहाजहानच्या काळात अताउल्ला रुश्दीने फारसीत आणलं. औरंगाबादला बीबी का मकबरा पाहताना दरवाजावर ज्या अताउल्लाचं नाव दिसतं, तो हाच. त्याच्याबरोबर तिथे हंसपत राय हेही नाव आहे.