रडारच्या पडद्यावर कर्जत-खालापूरचा पाऊस

कुलाब्याच्या हवामान रडारपासून कर्जत सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर आहे. रडारने सोडलेला सूक्ष्मलहरींचा स्पंद तेथील पावसाच्या थेंबांवरून परावर्तित होऊन परततो, तेव्हा सेकंदाचा जेमतेम २७०० वा भाग उलटलेला असतो. या वेळेवरूनच अंतर कळते. मात्र निघताना लाखो वॅटचा असलेला हा स्पंद परतताना वॅटच्या अब्जांशाहूनही कितीतरी क्षीण होतो.

म्हणूनच अँटेनाजवळच्या पहिल्या वर्धकाची ताकद नव्हे, तर शांतपणा महत्त्वाचा ठरतो. त्याने स्वतःची खरखर मिसळली, तर पुढचे वर्धक संदेशाबरोबर तीही वाढवतात. नंतर संदेशाची कंप्रता उतरवली जाते. कमी कंप्रतेवर वर्धन आणि गाळणी सोपी जाते. रिमझिम आणि मुसळधार यांच्या प्रतिध्वनींत लाखो पटींचा फरक पडू शकतो. तो एका पडद्यावर मावावा म्हणून लॉगॅरिदमिक मापन वापरतात. डेसिबलचे १० अंक वाढले, की प्रतिध्वनी दसपट. प्रचलित सूत्रानुसार ४० अंक म्हणजे ताशी सुमारे १२ मिलिमीटर पाऊस. अनेक स्पंदांची सरासरी काढून मग रंग भरले जातात.

माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे डोंगरही जोरदार प्रतिध्वनी देतात. ते स्थिर असल्याने डॉप्लर तंत्राने वगळता येतात. पण किरणाला आडवा सरकणारा पाऊसही रडारला स्थिरच भासतो आणि त्याचा काही अंश गाळला जातो! शिवाय अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेल्या किरणाचा मध्य कर्जतवर रडारपेक्षा सुमारे ७०० मीटर उंच असतो आणि त्याचा खालचा भाग डोंगर अडवू शकतात. आडोशाचा पाऊस कितीही वर्धनाने दिसत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे दुसरे रडार कार्यान्वित झाले. त्याची लहर कुलाब्याच्या लहरीपेक्षा आखूड असल्याने वाटेतल्या मुसळधार पावसात ती अधिक क्षीण होते आणि पलीकडचा पाऊस फिका दिसू शकतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. रडार पाऊस मोजते; उतारावरची माती किती पाणी प्यायली, हे त्याच्या पडद्यावर उमटत नाही. त्यासाठी डोंगरातील पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि उतारांची पाहणीच लागते.