एकाशेजारी एक, असे १०३१ एक

परवा पुतण्याच्या वहीच्या मागच्या पानावर दिसलं: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मी म्हटलं, "भारीच की!" तो म्हणाला, "काका, क्लासचे सर म्हणाले, परीक्षेला येत नाही, सोडून दे."

राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

या आकड्यांना डेमलो संख्या म्हणतात. नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसनला. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. ज्या स्टेशनवर कल्पना सुचली, त्याचंच नाव संख्येला दिलं. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. त्यामुळे इथल्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला मास्तर कळले.

आता गंमत बघा. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांमध्ये मूळ संख्या कुठल्या? म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या? ११ आहे. १११ नाही, ती ३ गुणिले ३७. नियम असा, की एक किती आहेत तो आकडाच आधी मूळ हवा. सहा एक घेतले, तर १११ ने भाग जातोच. पण तेवढंही पुरत नाही, तीन एकांनी ते दाखवलंच. ११ नंतर थेट १९ एकांची संख्या मूळ निघते, मग २३, मग ३१७ आणि मग १०३१ एकांची.

ही १०३१ आकडी संख्या मूळ असल्याचं ह्यू विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी सिद्ध केलं १९८६ मध्ये. डबनर पेशाने इंजिनिअर, गणित हौसेचं. त्याच साली कापरेकर मास्तर गेले.

"उपयोग काय?" आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यात हा प्रश्न पहिला. तर ऐका. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण उत्तरावरून त्या दोन शोधणं महाकठीण. १९७७ मध्ये यावरच आरएसए नावाचं कुलूप बनलं, इंटरनेटवरच्या व्यवहारांना ते लागलं. १०३१ एकांची संख्या मात्र त्यात चालत नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली किल्ली काय कामाची?

पण कुठल्या हौसेतून उद्या काय निघेल, हे आधी कोणाला कळतं? म्हणून पोरांच्या वहीचं मागचं पान फाडू नका, एवढंच म्हणणं.

आज सेकंड शिफ्टवाल्यांनी डबा खाताना करून बघा: १११११ ला कशाकशाने भाग जातो? उत्तर कमेंटमध्ये टाका. कॅल्क्युलेटर न वापरता, बरं का!